शून्याचं टेबल

ताटली रिकामी होती आणि सुई चाळीस ग्रॅमवर उभी होती. सकाळची साडेदहाची वेळ. टपालानं आलेलं खोकं मी नुकतंच फोडलं होतं आणि फायलींचा गठ्ठा थोडा बाजूला सारून तो वजनकाटा टेबलावर मांडला होता. स्वयंपाकघरात ठेवतात तसला साधा स्प्रिंगचा काटा. पांढरा पत्रा, वर ताटली, समोर गोल तबकडी. मी ताटली काढली, रुमालानं पुसली, परत ठेवली. चाळीस. बोटानं दाबून सोडली. सुई गरकन फिरली, मागे आली आणि पुन्हा चाळीसवरच थांबली. शेजारचा टायपिस्ट म्हणाला, "हात काढा की त्याच्यावरचा." माझा हात त्याच्यावर नव्हता. मी हसलो. काटा उलटा करून पाहिला तर तळाला एक चिकटपट्टी होती आणि तीवर समुद्रापलीकडच्या त्या देशाचं नाव होतं, जिथे म्हणे हा काटा तयार झाला होता. पत्रा आमच्या शहराबाहेरच्या कारखान्यात कापलेला, रंग तिथेच दिलेला, तबकडी तिथेच छापलेली. ती तबकडी मी कुठेही ओळखली असती. लहानपणी माझी पाटी म्हणजे छपाई चुकलेल्या असल्याच तबकड्यांची मागची बाजू होती. ताई कारखान्यातून त्या गठ्ठ्यानं आणायची आणि मी त्यांच्यावर गणितं करायचो. एका बाजूला माझा गुणाकार आणि दुसऱ्या बाजूला फिसकटलेले ग्रॅम. खोक्यात एक पत्रही होतं. दोन हजार काटे गिऱ्हाइकांनी परत केले आहेत, रिकामे असतानाही वजन दाखवतात, पुढे काय करायचं ते कळवा.

आमचं ऑफिस माल बनवत नाही, विकत नाही, उचलतही नाही. माल काय आहे, एवढंच आम्ही सांगतो. ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटते. पण प्रत्येक देशाच्या वेशीवर एक जाडजूड पुस्तक असतं, जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यात एक ओळ असते आणि प्रत्येक ओळीसमोर कराचा दर. मातीच्या अस्वलाच्या पाठीला फट ठेवली की तो गल्ला, फट बुजवली की शोभेची वस्तू. बोटीतून एकच खोकं उतरतं, पण ते कोणत्या ओळीत बसतं त्यावर कुणाचं दुकान चालणार आणि कुणाचं नाही ते ठरतं. ही ओळ शोधायचं काम मी एकवीस वर्षं करतोय आणि, खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. रस्त्यानं चालताना मी लोकांच्या अंगावरच्या वस्तू ओळींत बसवत जातो. आमच्या साहेबांची एक शिस्त आहे. परदेशी पाठवायचा अर्ज असला तरी आधी तो हातानं, आपल्या भाषेत लिहायचा. त्यांचं म्हणणं, जे आपल्या भाषेत सांगता येत नाही त्यात कुठेतरी लबाडी असते. भाषांतर मग ते स्वतः करतात. त्यामुळे फायलीत प्रत्येक निर्णयाच्या मागे टाचणी लावून आमच्या हस्ताक्षरातला कच्चा कागद असतो, आणि मागाहून कुणालाही तो कुणी लिहिला हे विचारावं लागत नाही.

गेल्या वर्षी त्या देशानं एक यादी जाहीर केली. आमच्याकडून जाणाऱ्या वजनकाट्यांवर तोवर शेकडा सहा कर होता, तो पंचेचाळीस झाला. तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक आमच्या ऑफिसात येऊन बसले. बुटके, घामेजलेले, खिशात नेहमी एक छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवणारे गृहस्थ. "माझ्या काट्यानं त्यांचं काय घोडं मारलं होतं?" असं त्यांनी साहेबांना दोनदा विचारलं आणि साहेबांनी दोन्ही वेळा चहा मागवला. मागणी थांबली होती, दीडशे माणसं कामावर होती, दोन महिने कसेबसे निघाले असते. काट्यांवर पंचेचाळीस होते, पण काट्यांच्या सुट्या भागांवर सहाच. मग सुटे भाग पाठवा, असं कुणीही म्हणेल. पण सगळे भाग एका खोक्यात भरले तर पुस्तक त्याला काटाच म्हणतं. वस्तूचा जीव ज्यात आहे ते त्यात असता कामा नये. काट्याचा जीव कशात असतो? साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि मला विचार करावाच लागला नाही, कारण उत्तर मला तोंडपाठ होतं. कित्येक वर्षांपूर्वी ताईनं ते तिच्या ओट्याशी उभं राहून, बशीत चहा ओतता ओतता सांगितलं होतं. मी तिला सहज विचारलं होतं की दिवसभर तुम्ही बायका त्या लांबलचक टेबलाशी करता तरी काय. ती म्हणाली होती, "बाकीचे पत्रा कापतात, ठोकतात, रंगवतात. ते आमच्याकडे येतं तेव्हा तो डबा असतो रे, डबा. आम्ही त्यात स्प्रिंग बसवतो आणि सुई शून्यावर आणतो. मी शून्यावर आणेपर्यंत तो काटाच नाही." तिच्या बोलण्यातली ऐट मला तेव्हा गमतीची वाटली होती. त्या टेबलाला कारखान्यात शून्याचं टेबल म्हणत. बावीस बायका. ताई खिडकीजवळ, एकतीस वर्षं.

मी ते वाक्य लिहिलं. तिसऱ्या पानाच्या मधोमध, जरा झाडूनपुसून: जोपर्यंत स्प्रिंग बसवून सुई शून्यावर आणलेली नाही तोपर्यंत ही वस्तू वजनकाटा नसून केवळ एक डबा आहे. योजना सरळ होती. डबे इथून जातील. स्प्रिंगा पूर्वी एका तिसऱ्या देशातून इथे यायच्या, त्या आता परस्पर तिकडे जातील. त्या बंदराजवळच्या एका शेडमध्ये कुणीतरी डबा उघडेल, स्प्रिंग बसवेल, शून्य लावेल, तळाला चिकटपट्टी लावेल. साहेबांनी चष्मा वर करून ते वाक्य पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे कुठून आणलंत?" मी म्हणालो, "सुचलं." एवढा एकच शब्द. टेबल जाणार हे मला तेव्हा दिसत होतं, आणि नाही टेबल गेलं तर कारखानाच जाईल हेही दिसत होतं, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आजही आहेत. त्या मी स्वतःला इतक्या वेळा सांगितल्यात की आता त्यांचा आवाजच येत नाही. त्या शब्दाचा मात्र येतो. सुचलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी स्वतःला वाचवलं असतं. पण माझ्या हाताला एक खोड आहे. भोक दिसलं की मी बुजवतो. तिकडचा अधिकारी उद्या म्हणेल, तुमच्याकडे ते टेबल आहे, बायका आहेत, तुम्ही शून्य लावून मग स्प्रिंग काढून पाठवत नसाल कशावरून? असं कुणी म्हटलं नव्हतं. पण कुणी म्हणायच्या आत तोंड बंद करणं यालाच आमच्या धंद्यात हुशारी म्हणतात. चौथ्या पानावर मी लिहिलं: सदर टेबल कायमचे बंद करण्यात येत असून त्यावरील बावीस कामगारांपैकी एकही यापुढे या कारखान्यात सदर काम करणार नाही, अशी हमी देण्यात येत आहे. साहेब म्हणाले, "हे त्यांनी मागितलेलं नाही." मी म्हणालो, "नंतर मागतील." ते म्हणाले, "राहू दे मग." मालकांनी शेवटच्या पानावर सही केली, चौथं वाचलं की नाही कुणास ठाऊक. सात आठवड्यांनी एका ओळीचं मंजुरीपत्र आलं, खाली गोल शिक्का. साहेबांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटावेत तसं ते पत्र वाटलं, प्रत्येकाच्या हातात दिलं आणि परत घेतलं. माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली होती, हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

मालकांना खरं म्हणजे पाचसहा बायका ठेवायच्या होत्या. इथल्या बाजारात थोडे काटे खपत. तेवढ्यापुरतं टेबल चालू ठेवू, असा त्यांचा बेत. मंजुरीनंतर ते विचारायला आले तेव्हा मला चौथं पान त्यांच्यासमोर ठेवावं लागलं. एकही नाही, असं लिहिलंय. एकही म्हणजे एकही. बावीसच्या बावीस बायकांना नोटीस मिळाली, तीत कारण दिलं होतं: तांत्रिक बदल. त्या संध्याकाळी ताई नोटीस घेऊन माझ्याकडे आली. दारातच चपला काढत म्हणाली, "शहाण्या, हे वाच आणि सांग. तांत्रिक बदल म्हणजे काय?" लहानपणापासून ती मला शहाण्या म्हणते, कधी लाडानं, कधी रागानं, ते आवाजावरून ओळखायचं. माझ्या हातात कागद होता, समोर ती होती, स्वयंपाकघरातून बायको कान देऊन ऐकत होती. मी म्हणालो, "यंत्र आणलं असेल." ती म्हणाली, "शून्य लावायचं यंत्र?" मी म्हणालो, "हो, असतात." मग चार महिने त्या बावीस बायका एका यंत्राला शिव्या घालत होत्या. कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहावाल्याकडे पाळीपाळीनं जाऊन बसत होत्या, ट्रकमधून ते कधी उतरतं ते बघायला. ताई मला दर भेटीत सांगायची, अजून आलं नाही रे, बहुतेक सुट्या भागांत आणलं असेल. ती हे बोलायची तेव्हा मी तिच्याकडे बघायचो नाही, तिच्या मागच्या भिंतीकडे बघायचो. त्या भिंतीवर ओल आली होती आणि तिचा आकार मला पाठ झाला.

त्या सकाळी, सुई चाळीसवर असतानाच, फोन वाजला. मालक होते. त्यांनाही तिकडून पत्र गेलं होतं. "ऐका," ते म्हणाले, "ते शेडवाले लोक चांगले असतील, पण त्यांना कुणी शिकवलेलं नाही हो. दोन हजार काटे परत आले. पुढची खेप परत आली तर गिऱ्हाईक गेलं समजा. मी काय म्हणतो, हे दोन हजार इकडे मागवतो, टेबलावरच्या नुसत्या दोन बायका परत बोलावतो. दोनच. एक ती खिडकीजवळची बाई. तिचा हात म्हणजे काय सांगू तुम्हाला, डोळे मिटून शून्य लावायची. ती दुसरीला शिकवेल, दुसरी आणखी कुणाला. चालेल ना?" खिडकीजवळची बाई माझी बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तिचं आडनाव सासरचं, आणि मी कधी बोललो नव्हतो. आधी सांगायचं कारण पडलं नाही म्हणून आणि नंतर सांगायची सोय उरली नाही म्हणून. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. हमी मागे घ्यायची तर नवा अर्ज करावा लागेल. नवा अर्ज म्हणजे जुनी मंजुरी थांबणार. निकाल लागेपर्यंत पंचेचाळीस. तेवढ्या दिवसांत पत्रा कापणारे, ठोकणारे, रंगवणारे एकशेअठ्ठावीस लोक घरी. हे सगळं मी त्यांना शांतपणे, एकामागून एक सांगितलं. मला ते छान सांगता येतं. ते म्हणाले, "ती ओळ कुणी घातली हो? कशाला घातली?" मी म्हणालो, "तशी पद्धत असते." फोन ठेवल्यावर टायपिस्टनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो की डोकं दुखतंय, आणि तेवढं मात्र खरं होतं.

बायकोला मी त्याच रात्री जेवताना सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, याचा अर्थ तिला निम्मं तरी आधीच कळलेलं होतं. शेवटी ती म्हणाली, "ताईंना सांगून टाका. त्या ओरडतील, दोन महिने बोलणार नाहीत, संपेल." मला हेच हवं होतं. ताईनं ओरडावं, कपबशी आपटावी, शहाण्या म्हणावं त्या दुसऱ्या आवाजात. तिच्या रागाची मी इतक्या महिन्यांत इतकी तयारी केली होती की कधी कधी रस्त्यात उभा राहून मी तिच्या वतीनं स्वतःला बोल लावायचो. शनिवारी ऑफिस सुटताना तो काटा मी पिशवीत घातला, साहेबांना म्हटलं की घरी नीट तपासतो. आणि फायलीतले कागद, वर मंजुरीपत्र आणि मागे टाचणी लावलेली माझ्या हाताची सहा पानं, तीही घातली. ते बाहेर नेता येत नाहीत. कशाला घेतोय हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर परत ठेवावे लागले असते.

रविवारी दुपारी ताईच्या खोलीत ऊन अर्ध्या फरशीपर्यंत आलं होतं. कोपऱ्यात कापडी पिशव्यांचा ढीग होता; आता ती घरी बसून त्यांना बंद शिवते. तिची बोटं सुईनं टोचून टोचून काळी पडली होती. एकतीस वर्षं ज्या बोटांना केसाएवढा फरक कळत होता त्या बोटांनी आता जाड दोरा ओढायचा. मी बसलो तसा तिनं माझ्यापुढे कोरे कागद आणि पेन ठेवलं. "बरं झालं आलास. आम्ही सगळ्या मिळून कामगार ऑफिसात अर्ज देतोय. चांगला लिही, तुझ्यासारखा. यंत्र-बिंत्र काही आलेलं नाही, आम्ही आत कामावर असलेल्यांना विचारलं. म्हणजे कारण खोटं आहे." ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. आम्ही खाली सह्या करणाऱ्या बावीस जणी. इतकी वर्षं. कसलाही दोष नसताना. माझं अक्षर नेहमीसारखंच वळणदार येत होतं, याची मला लाज वाटली. मग ती थांबली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "आणि ते घाल. आम्ही शून्यावर आणेपर्यंत तो काटा नाही, डबा आहे. तुला आवडलं होतं ना ते एकदा? मोठ्यानं हसला होतास." माझं पेन थांबलं. ती म्हणाली, "लिही की. शब्द अडला का?"

मी लिहिलं नाही. पिशवीतून काटा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. बोलण्याआधी हातांना काहीतरी करायचं होतं. तिनं सुईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा आपलं पोर दुसऱ्याच्या दारात रडताना दिसावं तसा झाला. "चाळीस," ती म्हणाली. "कुठल्या बाईनं लावलंय हे? हिनं दमवलंच नाही." मी विचारलं, दमवणं म्हणजे काय. इतक्या वर्षांत हे मी विचारलंच नव्हतं. सहा पानांत त्याचा उल्लेख नाही. ती म्हणाली, "नवी स्प्रिंग खोटं बोलते. आधी तिला ओझं देऊन देऊन दमवायची, तीनदा, चारदा. दमली की मग खरं सांगते. तेव्हा शून्य लावायचं." बोलता बोलता तिनं फळीवरचा पिठाचा डबा उचलून ताटलीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. प्रत्येक वेळी ती कान वाकडा करून ऐकत होती. मग ताटलीखाली बोट घालून छोटा स्क्रू शोधला, नखानं एवढासा फिरवला, बोटाच्या पेरानं पत्र्यावर एक टिचकी मारली. सुई थरथरली आणि शून्यावर उभी राहिली. मोजून दोन मिनिटं लागली असतील. मला त्या शेडमधली ती अनोळखी बाई आठवली, म्हणजे मी तिला कधी पाहिलेलंच नाही, पण तिच्यासमोरही डब्यांचा ढीग असणार, तिलाही कुणी घाई करत असणार, आणि दमवायचं तिला कुणी सांगितलेलं नसणार. तिलाही मीच तिथे बसवलं होतं.

"ताई," मी म्हणालो, "यंत्र कधी नव्हतंच." ती काट्याकडेच बघत होती. मी सांगितलं. यादी, पंचेचाळीस, डबे, शेड. आणि ते वाक्य. तुझं वाक्य मी अर्जात घातलं, त्यावरच सगळं उभं राहिलं, त्यामुळे टेबल गेलं. मी यंत्र म्हटलं तेव्हा मला माहीत होतं. हे मी काट्याच्या तबकडीकडे बघत बोललो आणि बोलून झाल्यावर वाट पाहिली. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. ताईनं विचारलं, "माझंच वाक्य? जसंच्या तसं?" मी म्हणालो, "थोडं फिरवलं. पण तुझंच." "आणि त्यांनी मानलं? तिकडच्या सरकारनं?" "मानलं." "लेखी?" "लेखी. शिक्का आहे." ती सावकाश मागे सरकून भिंतीला टेकली. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो आणि तिथे जे होतं ते मला आधी ओळखताच आलं नाही. तिला आनंद झाला होता. "एकतीस वर्षं," ती म्हणाली, "तो मुकादम आम्हाला म्हणायचा, तुमचं काय काम, स्क्रू पिळायचा आणि पगार न्यायचा. पत्रा ठोकणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त मिळायचे. आणि तिकडच्या सरकारनं लिहून दिलंय की आमच्याशिवाय तो काटाच नाही?" मी मान हलवली. "मग दे की तो कागद. अर्जाला जोडू. याहून मोठा पुरावा कुठला?"

मी म्हणालो की तो ऑफिसचा कागद आहे, बाहेर देता येत नाही, माझी नोकरी जाईल. "मग ये इकडे बंद शिवायला," ती म्हणाली. "हात तसा बरा आहे तुझा." आणि हसली. मी ज्या शिक्षेची इतके महिने तयारी केली होती ती द्यायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. ती माझ्यावर रागावली असती तर मी घरी गेलो असतो आणि शांत झोपलो असतो. पण ती हात पुढे करून बसली होती, काळ्या बोटांचा, उघडा, आणि मला कळलं की आता उरलेलंही सांगायला हवं, आत्ता, कागद देण्याआधी. टेबल जाणार होतंच, ताई, पण पाचसहा जणी राहिल्या असत्या. परवासुद्धा मालक तुला परत बोलवत होते. ते दोन्ही वेळा माझ्या एका ओळीमुळे झालं नाही, आणि ती ओळ कुणी मागितलेली नव्हती. हे सगळं माझ्या तोंडात शब्दांसकट तयार होतं. पण मी नुसती पिशवी उघडली. कागद तिच्या हातात दिले आणि म्हणालो, "तिसऱ्या पानावर आहे. तेवढंच बघ."

"तिसऱ्यावरच कशाला? पहिल्यापासून वाचते," ती म्हणाली. चष्मा शोधला, दोऱ्यानं बांधलेली त्याची काडी कानामागे अडकवली आणि उन्हाच्या बाजूला वळून बसली. मंजुरीपत्रावरच्या गोल शिक्क्यावरून तिनं एकदा बोट फिरवलं, ती भाषा तिला येत नव्हती. मग माझं अक्षर आलं. "वळण अजून तेच आहे," ती म्हणाली. ताई काहीही वाचते ते मोठ्यानं, ओळीखाली बोट धरून. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा. तिनं कारखान्याचं वर्णन वाचलं. पत्र्याची जाडी वाचली. स्प्रिंगा कुठून येतात ते वाचलं आणि मान डोलावली. मी फरशीवरच्या उन्हाची कड बघत होतो. तिसऱ्या पानाच्या मधोमध तिचं बोट थांबलं. "आलं बघ," ती म्हणाली, आणि ते वाक्य तिनं वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी जरा हळू, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जरा जड केलंयस. पण छान आहे."

मी म्हणालो, "ताई, आता पुरे. अर्ज पुरा करू." ती म्हणाली, "थांब रे, वाचू दे." आमच्यामध्ये तो काटा होता, सुई बरोबर शून्यावर. तिनं बोटाला थुंकी लावली आणि तिसरं पान उलटलं.